पोटखराब्यातले पाणी

सातबाराच्या उताऱ्यावर लागवडयोग्य क्षेत्राच्या खाली एक ओळ असते, पोटखराबा. गटातला ओढा, जुना खड्डा, खडकाचा पट्टा, पाणी धरून ठेवणारी लवण, असे जे काही पेरता येत नाही ते या ओळीत टाकायचे आणि त्यावर सारा धरायचा नाही, हा जमाबंदीचा जुना रिवाज. शेतकरी ही ओळ सहसा वाचत नाही आणि जमिनीचा सौदा करताना दोन्ही बाजूंना ती नकोशी वाटते. उमरगा तालुक्यातल्या मुरुम परिसराचा इतिहास बेडकांच्या बाजूने लिहायचा तर मात्र सुरुवात याच ओळीपासून करावी लागेल. या शिवारातला बेडूक टिकून होता तो हिशेबाच्या वहीत शून्य धरलेल्या जागांवर. पोटखराबा ही त्यातली एक. पावसाळाभर पड ठेवलेले भारी रान, गवताने भरलेला रुंद बांध, गायरान, तलावाचा गाळाचा काठ या बाकीच्या. गेल्या पन्नास वर्षांत यातले एकेक शून्य कामाला लावले गेले. बहुतेक वेळा त्यामागे रास्त कारण होते, कधी सरकारी पैसाही होता, आणि बेडकांशी वैर तर कुणाचेच नव्हते. पाऊस घटला म्हणून बेडूक घटले, असे गावात आणि वर्तमानपत्रातही सहज म्हटले जाते. मला ते स्पष्टीकरण अपुरे वाटते, आणि त्याने जबाबदारी आभाळावर ढकलली जाते म्हणून जरा सोयीचेही.

मुरुम हे बेनितुरा नदीच्या खोऱ्यातले, कर्नाटकाच्या सीमेलगतचे गाव. खाली दख्खनचा काळा पाषाण, सखल भागात त्याची झालेली भारी काळी माती, उंचवट्यावर बरड आणि मुरमाड रान. पाऊस सरासरीने साताठशे मिलिमीटर. त्यातला बहुतेक जून ते सप्टेंबरमध्ये, तोही मोठमोठे खंड देत. उन्हाळ्यात ओढे कोरडे पडतात. अशा मुलखात तळ्याकाठी बारमाही डरावणारा बेडूक थोडा. इथला खरा रहिवासी वर्षातले सात-आठ महिने मातीखाली काढतो. स्फेरोथिका प्रजातीतला बिळकरी बेडूक हाताच्या तळव्यावर मावेल एवढा, गोल, आखूड पायांचा. त्याच्या मागच्या पावलाच्या आतल्या कडेला फावड्यासारखी कठीण गाठ असते. मागचे पाय आळीपाळीने बाजूला सारत तो पाठमोरा जमिनीत उतरतो, त्यामुळे शेवटी दिसते ते त्याचे तोंड, आणि मग माती त्यावर मिटते. वाळवी-मुंग्यांवर जगणारा युपेरोडॉन, म्हणजे डिवचल्यावर चेंडूसारखा फुगणारा बेडूक, हाही असाच भूमिगत. पहिल्या मोठ्या पावसाच्या रात्री ही मंडळी वर येतात. नेहमी मळकट हिरवा दिसणारा मोठा बैलबेडूक त्या दिवसांत पिवळाजर्द होतो आणि नराच्या गळ्याच्या दोन्ही बाजूंच्या पिशव्या निळ्या दिसू लागतात. अंडी पडतात ती उथळ, तात्पुरत्या पाण्यात. खोल आणि कायमच्या पाण्यात मासे असतात आणि मासे अंडी-पिल्ली ठेवत नाहीत, म्हणून आटणारे पाणीच यांच्या सोयीचे. अट एवढीच की बेडूकमाशाला पाय फुटून शेपूट जिरेपर्यंत ते टिकले पाहिजे. त्याला जातीनुसार तीन-चार आठवड्यांपासून दीड महिन्यापर्यंत लागतो. म्हणजे या प्राण्याच्या मागण्या दोनच: पावसाळ्यात महिना-सव्वा महिना टिकणारे वीतभर पाणी, आणि उरलेल्या वर्षात फार खोलवर न उलथलेली माती. पुढचा सगळा इतिहास या दोन मागण्यांचा आहे.

जुन्या पीकपद्धतीत दोन्ही मागण्या आपसूक पुऱ्या होत होत्या. हलक्या रानात मूग, उडीद, तूर, पिवळी ज्वारी खरिपात होत असे. पण भारी काळ्या रानाचा मुख्य हंगाम रब्बीचा. मृगापासून पुढे ते रान मोकळे ठेवायचे, वाफसा मिळेल तशी कुळवाची पाळी घालून तण मारायचे, पावसाची ओल पोटात मुरवायची आणि उत्तरा-हस्ताच्या सुमाराला शाळू, करडई, हरभरा पेरायचा. तिकडे सोलापूरकडच्या मोहोळच्या संशोधन केंद्रातून आलेली मालदांडी ज्वारी याच साठवलेल्या ओलीवर पोसते. रान पड ठेवण्याची ही रीत बाहेरच्यांना नेहमीच कोड्यात टाकत आली. हैदराबादजवळ पतनचेरूला 1972 मध्ये इक्रिसॅट ही संस्था स्थापन झाली. 1975 पासून तिने सोलापूर जिल्ह्यातल्या शिरापूर आणि कळमण या गावांचा वर्षानुवर्षे अभ्यास केला. ऐन पावसाळ्यात भारी जमीन रिकामी राहते ही गोष्ट शास्त्रज्ञांच्या डोळ्यांत भरली, आणि रुंद वरंबा-सरी पाडून जादा पाणी काढून दिले तर याच जमिनीतून दोन पिके निघतील असे तंत्र त्यांनी बसवले. शेतकऱ्याचा हिशेब वेगळा होता. काळी माती भिजली की पाय रुतवते, औत चालू देत नाही. जुलैत पाऊस दडी मारेल की ऑगस्टमध्ये झोडपेल याचा भरवसा नाही. बियाणे त्या जुगारात लावण्यापेक्षा ओल साठवून खात्रीचे पीक घ्यावे, हा अनुभवाचा निर्णय होता. बेडकाचा विचार त्यात कुठेच नव्हता. पण या निर्णयामुळे बांधाच्या कोपऱ्यात आणि लवणीत साचलेले पाणी हटवण्याची घाई कुणालाच नसे. कुळवाची पास जमिनीत चार-सहा बोटे जाते. वाफ्यातली डबकी ती मोडत असेल, पण त्याहून खाली बसलेल्या बेडकाला तिचा धक्का क्वचितच लागणार. लोखंडी नांगर किर्लोस्करांनी 1903 पासून बनवायला घेतला आणि तो हळूहळू गावोगाव गेला. पण सहा-आठ बैल जुंपून हरळी-कुंद्याचे रान नांगरायचे हे खर्चाचे काम, ते दरसाल प्रत्येक शेतात होत नसे.

महसुलाच्या व्यवस्थेनेही नकळत हेच राखले. 1853 मध्ये निजामाने नळदुर्गचा मुलूख इंग्रजांकडे सोपवला तेव्हा कारभारी म्हणून आलेला मेडोज टेलर काही वर्षे नळदुर्गात होता. 1860 मध्ये हा मुलूख निजामाकडे परत गेला. पुढे निजामाचे दिवाण सालारजंग यांच्या सुधारणांत मुंबई इलाख्याच्या धर्तीवर पाहणी आणि जमाबंदी सुरू झाली. या पद्धतीचा गाभा असा की सारा जमिनीच्या प्रतीवर ठरायचा आणि जे पेरता येत नाही ते आकारणीतून वगळायचे. साऱ्याच्या नजरेतून पाहिले तर ओढ्याकाठची पाणथळ मोडून काढायला शेतकऱ्याला फारसे कारण नव्हते. ती त्याला काही देत नव्हती तशी त्याच्याकडून काही मागतही नव्हती. बैलांना चारा लागे म्हणून बांध रुंद होते, गायरान राखलेले होते. बैल हटल्यावर त्या गवताची किंमतही शून्यावर आली, आणि बांध कोरण्याचा, दोन्हीकडून नांगराच्या एकेका तासाने तो अरुंद करत नेण्याचा, आपल्याकडचा सनातन उद्योग वाढीला लागला. वाटण्या होत गेल्या तसे बांध वाढले खरे, पण प्रत्येकाची रुंदी इतकी घटली की त्यावर धड पाऊलवाट राहिली नाही. भावकीतल्या निम्म्या फौजदाऱ्या याच वीतभर मातीवरून होतात. बेडकाचे वकीलपत्र घेणारा त्यात कुणी नसतो.

जुना काळ गोकुळासारखा होता असे मात्र म्हणायचे नाही. 1876 ते 1878 चा दुष्काळ या साऱ्या मुलखाने भोगला आणि त्यानंतरही उपासमारीची वर्षे आली. धोंडी मागण्याची रीत ही त्याच भीतीतून आलेली. पावसाने ओढ दिली की मुले कडुनिंबाच्या डहाळ्या गुंडाळून दारोदार फिरत, आणि बऱ्याच गावांत मुसळाला किंवा काठीला जिवंत बेडूक बांधलेला असे. बायाबापड्या त्याच्यावर तांब्याभर पाणी ओतत. लोकरीतीच्या पुस्तकांतून हिचे वर्णन पर्जन्यविधी म्हणून येते. मला तिच्यातला दुसरा पुरावा मोलाचा वाटतो. पाऊस नसताना, रान फुफाट्यासारखे झालेले असताना, पोरांना हुकमी बेडूक सापडत होता. तो मोरीच्या दगडाखाली, रांजणाच्या बुडाशी, आडाच्या कठड्यालगत, मोटेच्या थारोळ्यात मिळायचा. म्हणजे गावाच्या सांडपाण्यात आणि विहिरीच्या ओलीत कोरड्या दिवसांतही त्याला आसरा होता. विंधनविहीर आणि बंद नळी आल्यावर थारोळे गेले, पाट गेला, पाणी हवेचे तोंड न पाहता थेट पिकाच्या मुळाशी जाऊ लागले. पाण्याची बचत झाली यात शंका नाही. पण गळणारे, पाझरणारे, वाया जाणारे पाणी म्हणून आपण ज्याला नावे ठेवली, त्याच्यावर कोण जगत होते हे पाहायचे राहून गेले.

1972 च्या दुष्काळाने तर उलटाच चमत्कार केला. लाखो माणसे कामावर आली, आणि त्या कामांतून आणि पुढच्या रोजगार हमीतून मराठवाडाभर पाझर तलाव उभे राहिले. पाझर तलाव म्हणजे मातीची पाळ, आत उताराने पसरलेले पाणी, पावसाळ्यात काठ वर सरकतो, हिवाळ्यात मागे हटतो. मागे हटलेल्या ओल्या गाळात गाळपेर होते. या सरकत्या काठावर वीतभर पाण्याचा पट्टा पावसाळाभर कुठे ना कुठे असतोच. माणसाने दुष्काळाशी झगडताना बांधलेली ही तळी बेडकांना आयतीच मिळाली. म्हणून माझा आक्षेप माणसाने निसर्गात हात घालण्याला नाही. हात कसा घातला, पाणी कोणत्या आकाराचे झाले, यावर सारे ठरते.

निर्णायक बदल 1990 नंतरचा आहे, आणि त्याचे नाव सोयाबीन. तीन-सव्वातीन महिन्यांत निघणारे, बाजारात रोख देणारे, लातूरसारखी मोठी पेठ हाकेच्या अंतरावर असलेले पीक. आज महाराष्ट्रात ते चाळीस लाख हेक्टरांहून अधिक जमिनीवर उभे असते आणि त्यात मराठवाड्याचा वाटा मोठा. इक्रिसॅटला जे साधायचे होते, म्हणजे पावसाळ्यातल्या रिकाम्या भारी जमिनीत पीक उभे करणे, ते तेलबियांच्या भावाने साधून दाखवले. बेडकाच्या दृष्टीने याचे वेळापत्रक बघण्यासारखे आहे. जूनच्या मध्यावर किंवा अखेरीस पेरणी. त्याच पावसाने बेडूक वर येतात, अंडी घालतात. पेरणीनंतर दोन दिवसांत उगवणीपूर्वीचे तणनाशक, पंधरा-वीस दिवसांनी इमाझेथापीरसारखे उगवणीनंतरचे, पुढे खोडमाशी, चक्रीभुंगा, पाने खाणाऱ्या अळ्यांसाठी कीटकनाशके. म्हणजे फवारणीचा पहिला जोर आणि बेडूकमाशांचा महिना एकमेकांवर तंतोतंत बसतात. त्यातच सोयाबीनला पाणी साचलेले सोसत नाही, दोन-चार दिवसांत पाने पिवळी पडतात, म्हणून सऱ्या पाडून पाणी लवकर बाहेर काढण्याकडे कल. ज्या डबक्याला तीस-चाळीस दिवस हवेत त्याला आता तीस-चाळीस तास मिळतात. पीक निघाल्यावर ट्रॅक्टरचा नांगर फूटभर खोल जातो, मागून रोटाव्हेटर ढेकळे फोडतो, आणि हे दरसाल होते. जमिनीवर आणि जमिनीखाली अशी दोन्हीकडून कोंडी.

तणनाशकांबाबत जपून बोलले पाहिजे, कारण इथे भावना पुराव्याच्या पुढे धावते. अमेरिकेतल्या पिट्सबर्ग विद्यापीठाच्या रिक रेल्या यांनी 2005 मध्ये दाखवले की राउंडअप हे ग्लायफोसेटयुक्त मिश्रण शेतातल्या मात्रेने पाण्यावर मारले तर तीन आठवड्यांत जवळजवळ सगळे बेडूकमासे मरतात, आणि त्यात मोठा दोष ग्लायफोसेटपेक्षा त्याला पानावर चिकटवणाऱ्या साबणासारख्या द्रव्याचा असावा. यावर हरकत आली ती अशी की कुणीही शेतकरी मुद्दाम तळ्यावर फवारत नाही. हरकत खरी आहे, आणि आपल्याकडे उभ्या सोयाबीनवर ग्लायफोसेट चालतही नाही. ते मारले जाते बांधावर, पडीक कोपऱ्यावर, ओढ्याच्या काठावर. म्हणजे नेमके जिथे बेडूक उरला आहे तिथे. उसात आणि मक्यात वापरल्या जाणाऱ्या ॲट्राझीनबद्दल टायरोन हेज यांनी 2002 मध्ये प्रसिद्ध केलेले काम, की अत्यल्प मात्रेतही नर बेडकांच्या जननेंद्रियात विकृती येते, अजून वादात आहे. उत्पादक कंपनीच्या पैशातून झालेल्या अभ्यासांना तसे परिणाम दिसले नाहीत. हा वाद इथे सोडवण्याची गरज नाही. सरी कोरडी पडली तर त्यातल्या अंड्याला विष बाधते की नाही हा प्रश्नच उरत नाही, आणि मुरुमच्या शिवारात पहिले कारण ते आहे.

उसाचे काय, असे कुणीही विचारेल. मुरुमला विठ्ठलसाई सहकारी साखर कारखाना आहे, आसपास ऊस आहे, आणि उसाचे रान बारा महिने ओले. मग बेडूक वाढायला हवेत. काही जाती वाढल्याही असतील. पाण्यावरून टणाटण उड्या मारत पळणारा युफ्लिक्टिस, घराच्या कोपऱ्यात वावरणारा चामखिळ्या भेक, यांना माणसाची ओल मानवते. पण कायमची ओल ही बिळकऱ्या बेडकाची भाषा नव्हे. त्याचे सगळे गणित पाणी येते आणि जाते या लयीवर बसलेले. त्यामुळे ओलिताच्या रानात डराव डराव ऐकू येते म्हणून सारे ठीक आहे असे समजणे फसवे. कोकणातल्या सड्यांवर नेचर कॉन्झर्व्हेशन फाउंडेशनच्या संशोधकांनी अलीकडे केलेला अभ्यास या बाबतीत उपयोगी आहे. उघडा सडा, सड्यावरची भातखाचरे आणि सुरुंग लावून उठवलेल्या आंबा-काजूच्या बागा यांची त्यांनी तुलना केली. शेतीखाली आलेल्या जागी उभयचरांची विविधता घटलेली दिसली. भातात सर्वसामान्य जाती टिकल्या, कातळावरच्या खास जाती मागे पडल्या. कोकणच्या जांभ्याची मराठवाड्याच्या काळ्या मातीशी बरोबरी करता येत नाही, पाऊसही तिथे कितीतरी पट. पण नमुना ओळखीचा आहे: जमीन एकसारखी केली की सरसकट जाती राहतात आणि एका जागेला चिकटलेल्या जातात. जगभरच्या उभयचरांचा 2023 मध्ये प्रसिद्ध झालेला आढावा 41 टक्के जाती धोक्यात असल्याचे सांगतो, आणि धोक्याच्या कारणांत अधिवास बिघडणे हेच सर्वांत पसरलेले, त्यातही शेती पुढे.

पाणी अडवण्याच्या कामांचा अध्याय अधिक अवघड, कारण त्यामागचा हेतू निखळ होता. 2012 पासूनच्या टंचाईने मराठवाडा पोळला. 2016 च्या एप्रिलमध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले. त्या काळात जलयुक्त शिवार आले, मागेल त्याला शेततळे आले, 2017 मध्ये गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार आले. जलयुक्तमध्ये अनेक कामे झाली, पण जेसीबीला सर्वांत आवडले ते नाला खोलीकरण. वळणे घेत, कुठे डोह कुठे वाळवंट असे वाहणारे ओढे सरळ आणि खोल चर झाले, काठ भिंतीसारखे उभे. पाणलोट आणि भूजलाच्या जाणकारांनी तेव्हाच हरकत घेतली, अर्थतज्ज्ञ एच. एम. देसरडा यांनी उच्च न्यायालयात याचिका केली, आणि माजी मुख्य सचिव जॉनी जोसेफ यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली. तो वाद भूजलाचा होता, बेडूक त्यात नव्हता. पण उभा काठ म्हणजे उथळ पाण्याचा शेवट. शेततळ्याचेही तेच. तीस बाय तीस मीटर लांबी-रुंदी, तीन मीटर खोली, आणि अनेक ठिकाणी आत जाड प्लास्टिकचा कागद. त्यावर माती धरत नाही, गवत उगवत नाही, बेडूक आत पडला तर निसरड्या उतारावरून वर येणे कठीण. शिवाय बऱ्याच तळ्यांत मासे सोडलेले. पाझर तलावातला गाळ काढून शेतात नेला तेव्हा शेताला सुपीक माती मिळाली, तलावाची साठवण वाढली, आणि सरकता उथळ काठ खोल खड्ड्यात गेला. या तिन्ही योजनांनी पाणी टीएमसीत आणि घनमीटरमध्ये मोजले. त्या मापाने यश आले असेल किंवा नसेल; पाण्याची उथळी आणि त्याचे दिवस मोजणारा रकाना अहवालात नव्हता एवढे खरे.

आता दुष्काळाच्या स्पष्टीकरणाकडे. कोरडी वर्षे या मुलखाला नवी नाहीत. मातीत दडी मारून बसणे, एखादे वर्ष अंडी न घालताच घालवणे, मग चांगल्या पावसात भरपाई करणे, ही या बेडकांची घडणच दुष्काळाने केलेली आहे. खराब वर्षानंतरचे चांगले वर्ष हे त्यांचे बळ होते. ते चांगले वर्षच काढून घेतले, म्हणजे धो धो पाऊस पडूनही शिवारात महिनाभर पाणी उभे राहीनासे झाले, तर दुष्काळाचा घाव भरून निघत नाही. दुसरे स्पष्टीकरण तंगड्यांच्या निर्यातीचे. 1980 च्या दशकाच्या सुरुवातीला भारतातून वर्षाला चार हजार टनांवर बेडकांच्या तंगड्या परदेशी जात. मुंबईच्या हुमायून अब्दुलअलींसारख्या पक्षितज्ज्ञाने त्याविरुद्ध आवाज उठवला, शेतातल्या किडींचा भक्षक आपण विकतो आहोत हा त्यांचा मुद्दा होता, आणि 1987 मध्ये निर्यात बंद झाली. तो व्यापार मोठ्या बैलबेडकावर आणि केरळ, बंगालसारख्या ओल्या मुलखांवर मुख्यतः चालला. मुरुमकडच्या जमिनीची उलथापालथ बंदीनंतरची आहे. मायक्रोहायला या अंगठ्याएवढ्या बेडकाला तर कोणत्याही व्यापाऱ्याने कधी विचारले नव्हते.

सर्वांत बिकट आक्षेप असा की बेडूक घटले हे ठरवले कुणी? गावात पीकपेरा लिहितात, जनावरांची गणना होते, बेडकांची कधी झाली नाही. जुन्या माणसांची आठवण प्रत्येक पावसाळा थोडा मोठा करते. हे मान्य करूनच मी आठवणींवर भिस्त ठेवलेली नाही. ज्या जागा या प्राण्याला लागतात त्या किती राहिल्या, एवढेच विचारले आहे, आणि त्याची उत्तरे पीकपेऱ्यात, योजनांच्या मोजमाप पुस्तकांत आणि बांधाच्या रुंदीत उघड दिसतात. बेडूक मोजायला कुणी गेले तर संख्या माझ्या अंदाजापेक्षा बरी निघू शकेल. निघाली तर ती अजून शिल्लक असलेल्या पोटखराब्यामुळेच निघेल.

आणखी एक हरकत माणसांच्या बाजूची, ती मला अधिक बोचते. गायरान आणि पडीक राहू द्या म्हणणाऱ्याला विचारले पाहिजे की ही पडीक कुणाच्या नावावर होती. मराठवाड्यात दादासाहेब गायकवाडांच्या 1959 च्या भूमिहीनांच्या सत्याग्रहापासून गायरानाचा प्रश्न हा दलितांच्या भाकरीचा आणि मानाचा प्रश्न आहे. ज्यांनी दगड वेचून दोन एकर बरड कसायला घेतली त्यांच्या हातून ती बेडकासाठी काढा, असे म्हणणे निर्लज्जपणाचे होईल. तसे म्हणण्याची गरजही नाही. उथळ पाण्याच्या जागा उंचवट्यावरच्या गायरानात थोड्या, सखल खासगी भारी रानात जास्त, आणि बदलाचा मोठा वाटाही तिथलाच. तिथला शेतकरीही काही चैनीसाठी सोयाबीन लावत नाही. शाळू काढायला, खुडायला, मळायला मजूर मिळत नाही, आणि पावसाळाभर उधारीवर घर चालवण्याची ताकद आता कुणात नाही. म्हणून पुन्हा सगळे रान पड ठेवा, हा उपाय होऊच शकत नाही.

नांगरटच सोडून देणारी शून्य मशागत हा मार्ग सुचवला जातो. नेरळच्या सगुणा पद्धतीने भातात तो रुळवला आणि मराठवाड्यातही सोयाबीनवाले तो करून पाहतात. जमिनीखालच्या बेडकाला त्यात श्वास मिळेल, पण नांगर नाही म्हणजे तण मारायला तणनाशक आले. एका मागणीची भरपाई दुसरीच्या बदल्यात. सरकारचे पाऊल तर उलट दिशेने: पोटखराब्यातली एका वर्गाची जमीन कसून दाखवली तर ती लागवडयोग्य म्हणून नोंदवण्याची सोय महाराष्ट्रात झाली आहे, म्हणजे शून्याची शेवटची ओळही पुसता येते. पीककर्जाच्या आणि विम्याच्या हिशेबात शेतकऱ्याला ती पुसलेलीच बरी. पण एक हिशेब त्यालाच करता येण्यासारखा आहे. एकरात चाळीस गुंठे. लवणीतला, बांधाच्या कोपऱ्यातला एक गुंठा न पेरता, न फवारता सोडला तर अडीच टक्के जमीन गेली, आणि तीही सर्वांत वाईट. त्या गुंठ्यातले सोयाबीन बऱ्या पावसाच्या वर्षी पाण्याखाली पिवळे पडून जाते, काढणीला तिथे हार्वेस्टर घालता येत नाही, उतारा जवळजवळ काहीच नाही. तरी दरवर्षी बियाणे, खत आणि दोन-तीन फवारण्या तिथे उरलेल्या एकोणचाळीसांतल्या कोणत्याही गुंठ्याइतक्याच जातात.